खिडकीपुढचं कपाट

प्रिय ताई,

हे सगळं फोनवर सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुझ्याकडे नेमकं दूध उतू गेलं. एवढं दूध कुणाच्याच घरात उतू जात नाही, म्हणून आता लिहायलाच बसले. वाचता वाचता बाजूला ठेवलंस तरी चालेल, पण पुन्हा उचल.

तर बातमी अशी की आम्ही मूल होण्यासाठी उपचार घ्यायचं ठरवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, होईल तेव्हा होईल म्हणत आम्ही दोघंही एकमेकांची समजूत घालत होतो. शेवटी आमच्या मास्तरानेच विषय काढला. शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस, काही अवघड बोलायचं असलं की ब्रश धुवायला घेतो. त्या दिवशी त्याने स्वच्छ ब्रशसुद्धा धुतले.

उपचार म्हणजे गेल्या गेल्या इंजेक्शन देतात, असं मला वाटायचं. तसं नसतं. आधी तपासण्या, आणि त्याही दोघांच्या. मी आजवर दुसऱ्यांच्या इमारतीतल्या लिफ्ट तपासत आले. दोर, ब्रेक, दरवाजे, वजन पेलतं की नाही. आता तपासून घ्यायची पाळी माझी होती. खरं सांगू, त्यांची कामाची पद्धत मला आवडली. अंदाजपंचे काही नाही. अंडी किती शिल्लक आहेत त्यासाठी रक्त, थायरॉईडसाठी रक्त, कुठला संसर्ग नाही ना यासाठी दोघांचं रक्त. मग सोनोग्राफी. पडद्यावर काळे ठिपके दिसतात, ते बघून डॉक्टरीणबाई पुटपुटत मोजतात, आणि आपण छताकडे बघत पडून राहायचं. छताला ओल आली होती. नंतर नळ्यांचा एक्स-रे. पिशवीत औषध सोडतात आणि ते दोन्ही नळ्यांतून पुढे सरकतं का ते बघतात. थोडं दुखेल म्हणाले होते. त्यातला ‘थोडं’ हा शब्द कुण्या पुरुषाने घातलेला असणार. माझ्या दोन्ही नळ्या मोकळ्या निघाल्या.

मास्तराला नमुना द्यायला एका खोलीत पाठवलं. खोलीच्या दाराला कडी होती, पण ती लागत नव्हती. मग हा गृहस्थ खुर्ची दाराला टेकवून त्या खुर्चीवरच बसला. बाहेर येऊन बाटली नर्सच्या हातात देताना थँक यू म्हणाला, वर तिला चहा झाला का म्हणून विचारलं. मला हसू आवरेना. दोष आपल्यातच असणार असं त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. त्याचा रिपोर्ट उत्तम आला, तर तोंड पाडून बसला. पास झाल्याबद्दल शरमिंदा झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्याच्या त्या चेहऱ्यावर माझा फार जीव आहे, हे तुला सांगून ठेवते. त्याला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

मग डॉक्टरीणबाईंनी घरच्यांची चौकशी केली. कुणाला साखर आहे का, कुणाच्या बाळात काही व्यंग होतं का, जवळच्या कुणाचे गर्भ टिकले नाहीत असं झालंय का. मास्तर नाही म्हणाला. त्याला बिचाऱ्याला माहीतच नाही. आपल्या घरात गर्भ जाण्याला ‘ताईची तब्येत’ म्हणतात. मी हो म्हटलं. माझ्या सख्ख्या बहिणीचे, तीन वेळा. एवढं सरळ वाक्य आपल्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. बोलल्यावर मलाच माझा आवाज परका वाटला.

त्या हो वरून त्यांनी आमची आणखी एक रक्ताची तपासणी लिहून दिली, गुणसूत्रांची. तिचा रिपोर्ट यायला बरेच दिवस लागतात. मास्तराचं सगळं जागच्या जागी. माझ्यात मात्र दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे. जन्मापासूनच आहे. काही कमी नाही, काही जास्त नाही, फक्त जागा बदललेल्या. म्हणून मी ठणठणीत आहे. पण गर्भ राहताना वाटणीत घोळ होतो, कुणाच्या वाट्याला जास्त येतं, कुणाच्या कमी, आणि तसे गर्भ बहुतेक टिकत नाहीत. काही टिकतात आणि चांगली मुलं होतात. आमच्यासाठी गर्भ बाहेर तयार करून, तपासून मग आत ठेवायचा मार्ग त्यांनी सांगितला. होईल की नाही, याची खात्री कुणी देत नाही. भीती वाटते. पण निदान कशाशी गाठ आहे ते कळलं.

हा फरक बहुतेक वेळा आईकडून नाहीतर वडिलांकडून येतो, आणि भावंडांमध्येही असू शकतो. म्हणून मी आईला भेटायला गेले. ती भाजी निवडत होती. मी सगळं समजावून सांगितलं, तिने मान वर केली नाही. मग म्हणाली, तुमच्या दोघींच्या मधे माझंही दोनदा गेलं होतं. तिला सांगितलं गेलं होतं की जिने भराभरा चढलीस, म्हणून गेलं. ताई, आई अजूनही एकेका पायरीवर थांबत चढते. मला वाटायचं, गुडघे दुखतात.

तुझं ते कपाट मला तेव्हा आठवलं. तेव्हा म्हणजे काय, मी कधी विसरलेच नव्हते. पाळण्यासाठी खिडकीजवळ जागा करायची म्हणून तिसऱ्याच महिन्यात तू ते ढकलत होतीस, आणि मधेच कळा सुरू झाल्या. पुढे दोन्ही वेळा तू पलंगावरून पाय खाली ठेवला नाहीस, तरी घरात बोलणं तेच, त्या कपाटाने मूळच हललं. भाऊजी चांगले आहेत, ते कधी बोलले नाहीत. पण नाही असंही कधी म्हणाले नाहीत. तू आता खुर्चीसुद्धा उचलत नाहीस, हाक मारतेस. बाळाचं नाव काढणं तर सोडूनच दिलंस.

मी डॉक्टरीणबाईंना कपाटाबद्दल स्पष्ट विचारलं. म्हटलं, भरलेलं होतं, लाकडी होतं. त्या म्हणाल्या, तसं असतं तर डोक्यावर विटा वाहणाऱ्या बायकांना मुलंच झाली नसती. इतक्या लवकर जाणारे गर्भ बहुधा त्यांच्यातल्याच बिघाडाने जातात. मला तिथे रडू आलं नाही, राग आला. माझ्या कामात रोजचं आहे हे. लिफ्ट अडकली की जो शेवटी आत होता, त्याच्या माथ्यावर खापर फोडतात. याने दार जोरात लावलं, त्याच्या पोराने उड्या मारल्या. वर जाऊन बघावं तर दोर कधीचा झिजलेला.

तर पत्र याच्यासाठी. ती रक्ताची तपासणी तू करून घ्यावीस, असं मला वाटतं. तुझ्यात ते असेल किंवा नसेलही, निम्मी निम्मी शक्यता आहे. पुढे मूल हवं की नको, ते तू आणि भाऊजी ठरवा, मी एका शब्दाने विचारणार नाही. तपासणी नको वाटली तर तीही राहू दे. पण एक गोष्ट कर. ते कपाट अजून तसंच अर्धवट उभं आहे, अर्धी खिडकी अडवून. इतक्या वर्षांत त्याला कुणी हात लावला नाही, आणि त्या खोलीत तू दिवसासुद्धा दिवा लावून बसतेस. ते सरकव. मी आले की एका बाजूने ढकलीन, पण मी यायच्या आत तू एकटीने सरकवलंस तर मला जास्त बरं वाटेल. कुणाला हाक मारू नकोस.

तुझीच,
लहानपणी लिफ्टची सगळी बटणं दाबून तुला बोलणी खायला लावणारी,
बटण