रोज नाव विचारणारे सर

ती. आईस,
तुझ्या पायांना इथूनच हात लावतो.

मी बरा आहे. सुधारगृहातून सरांनी मला त्यांच्या बॉक्सिंगच्या हॉलवर आणलं, तेव्हापासून पोटभर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

सर एकेकाळचे विजेते. आम्हा सगळ्या पोरांना 'चॅम्पियन' म्हणतात. मला वाटायचं, लाडानं. पण डोक्यावर खाल्लेल्या ठोशांमुळे त्यांना आता नावंच आठवत नाहीत. सकाळी माझ्या हाताला पट्टी बांधताना विचारतात, "नाव काय रे तुझं?" मी सांगतो. "छान ठेवलंय आईनं," म्हणतात. रोज.

पोरगं नाव काढेल, असं बाबाच म्हणायचे ना? अजून घरात माझं नाव काढू देत नाहीत का?

पाकिटावर मुद्दामच माझं नाव घातलेलं नाही, म्हणजे बाबा ते फाडणार नाहीत. तू अक्षर ओळखशील.

तुझा धाकटा