बाबांच्या ऑर्गनची काळी चार

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज बाबांचा जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन विकला. सदर बाजारातले जुन्या वाद्यांचे दुकानदार घरी आले होते. लाकडी बॉडी, पायातलं पेडल, आतले ठेके, सगळं बघून बारा हजार म्हणाले. मग एकेक पट्टी दाबत मधेच थांबले. "ताई, ही काळी चार वाजूनच नाही राहिली. जुनाच बिघाड दिसते. आठ देतो." मी हो म्हटलं. वाईटही वाटलं नाही.

आईचा सा त्याच पट्टीवर, काळी चारवर. पण लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ती गायची तेव्हा बाबा कायम काळी पाचवरूनच वाजवायचे. उंच जाते, गळा दुखते, असं ती म्हणायची. ते म्हणायचे, "तुहा रियाज कमी पडून राहिला." शेवटी तिनं गाणंच सोडलं. म्हणजे ती पट्टी तेव्हाच बंद होती; बाबांकडे दुरुस्तीला पैसे नव्हते की सांगायची लाज वाटली? बाबाच नाहीत, आता कोणाला विचारू?

ऑर्गन गेल्यावर आईला त्या बंद पट्टीचं सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. "मले वाटे, माहा आवाजच गेला," एवढंच म्हणाली नि सोलत राहिली.

जेवताना तिनं विचारलं, "काळी चारच म्हणे नं वं?"

मी हो म्हटलं.

हात धुताना तिनं पुन्हा तेच विचारलं.