डबा शोधायचं यंत्र

रविवार, ७ जानेवारी
साडूचं ड्रायव्हिंग स्कूल रविवारी बंद असतं, म्हणून त्याला उद्योग हवा असतो. आज तो, मेहुणी, ही आणि मी टेकडीवर गेलो. कारण डबा.

प्रकार असा. कोणी रिकामटेकडा एक डबा कुठेतरी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो आणि बाकीचे रिकामटेकडे तो हुडकत हिंडतात. सापडला की आतल्या कागदाच्या गुंडाळीवर नाव लिहायचं, डबा होता तिथे परत ठेवायचा, घरी यायचं. मिळत काही नाही. याला जिओकॅशिंग म्हणतात. साडू 'डबा-डबा' म्हणतो. त्याची झेप तेवढीच.

साडूच्या फोनची काच तडकलेली. त्यात बघून तो आम्हाला हाकत होता. डावीकडे घ्या, सावकाश, आता वळा. इंडिकेटर द्या म्हणाला नाही, एवढंच नशीब.

डबा ओढ्यावरच्या एका मोरीखाली निघाला. हिने टाळ्या पिटल्या. पन्नाशीला टेकलेली बाई, टाळ्या! मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यापासून हिला असं हसताना पाहिलं नव्हतं, हे मान्य. पण त्यात हसण्यासारखं काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

ही म्हणाली, आता दर रविवारी आपण जायचं हं. डॉक्टरांनीही तुम्हाला चालायला सांगितलंय.

ठराव: जायचं. पण जायचं तर शास्त्रशुद्ध. साडूच्या फोनच्या मागे शेपटासारखं नव्हे. स्वतंत्र हँडहेल्ड जीपीएस घ्यायचा. पुढच्या रविवारच्या आत.

मंगळवार, ९ जानेवारी
ऑफिसात काम बाजूला ठेवून वाचन. नवीन शब्द कळला: 'पेपरलेस'. चांगल्या यंत्रात डब्याचं वर्णन, इशारे, आधी गेलेल्यांचे शेरे, सगळं आधीच भरून ठेवता येतं. साडू मात्र तीच माहिती छापून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घेऊन फिरतो. कागद! या शतकात!

हिला पेपरलेस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ही म्हणाली, कागदाचं मला काही ओझं होत नाही. 

शनिवार, १३ जानेवारी
दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कशासाठी हवंय? खेळासाठी म्हणायला जीभ रेटेना. म्हणालो, फील्डवर्क. त्याने दोन यंत्रं काढली. एक बटणांचं, एक टचस्क्रीनचं. मी अँटेनाबद्दल विचारलं. मेमरीबद्दल विचारलं. एका वेळी किती डब्यांची माहिती मावते ते विचारलं. तो म्हणाला, साहेब, दोन्ही चांगली आहेत. 'दोन्ही चांगली आहेत' हे ज्याला काहीच कळत नाही त्याचं वाक्य असतं. बोलता बोलता त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला एक टॉर्च विकलाही.

रिकाम्या हाताने परतलो. घाईत घेणं हा मूर्खांचा मार्ग.

रविवार, १४ जानेवारी
गेलो नाही. यंत्राशिवाय जाणं तत्त्वात बसत नाही. ही गेली. दोन डबे सापडले म्हणे. बोलाफुलाला गाठ पडली, तर तिचं कौतुक मी करत नसतो.

गुरुवार, १ फेब्रुवारी
तुलनेचा तक्ता सुरू केला. बॅटरी, स्क्रीन उन्हात दिसतो का, पाण्यात पडलं तर काय, हातमोजे घालून बटणं दाबता येतात का. (हातमोजे घ्यावे लागतील.) परीक्षणं स्क्रीनवर नीट वाचून होत नाहीत, म्हणून ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणली. डायनिंग टेबल पुरत नाही. ही दोन दिवस ताट मांडीवर घेऊन जेवतेय.  अभ्यासाचा आदर वाटत असावा.

रविवार, ११ फेब्रुवारी
ही बूट बांधता बांधता म्हणाली, अहो, नुसते चला ना. हात हलवत चला. काही शोधू नका, नुसते बरोबर या.

नुसतं बरोबर जायला मी काय पिशवी आहे?

खाली साडूने हॉर्न वाजवला. ही गेली. मी तक्त्यात 'होकायंत्र: किती अक्षांचं' असा नवा रकाना वाढवला.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी
परीक्षणं लिहिणाऱ्यांचा दर्जा भयंकर. एक म्हणतो यंत्र उत्तम, दुसरा म्हणतो भंगार, यंत्र तेच. मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. खोटं बोलणारा माणूस मला दाराबाहेरून कळतो. हे सगळे खोटं बोलतायत.

ऑफिसातल्या कॅशियरने तक्ता पाहिला. म्हणाला, पूर्वी लोक डबा घेऊन रानात जायचे, तुम्ही डबा शोधायला निघालात, प्रगती आहे. आख्खं ऑफिस हसलं. या माणसाच्या हातात आमचे पगार आहेत.

शनिवार, ९ मार्च
घेतला! सगळ्यात वरचा. तक्त्याप्रमाणे मधला योग्य ठरत होता, पण तक्ता सर्वसाधारण माणसासाठी असतो.

काळा, जड, रबरी. हातात धरला की मनगटाला अधिकार जाणवतो. हिला दाखवला. ही म्हणाली, छान आहे, उद्या येताय मग? म्हणालो, आधी मॅन्युअल. घाई कसली?

सोमवार, ११ मार्च
मॅन्युअल छापून घेतलं. चांगलं जाडजूड झालं.

सेटिंगमध्ये एक गाढवपणा आढळला. अक्षांश-रेखांशातली मिनिटं कंपनीने दशांशात ठेवली होती. साडेतेवीस मिनिटं म्हणजे २३.५. भाजीवाल्यासारखं. आम्ही शाळेत अंश, मिनिटं, सेकंद शिकलो. तेच शास्त्रशुद्ध. तसं करून टाकलं. आता साडेतेवीस मिनिटं म्हणजे तेवीस मिनिटं तीस सेकंद. यंत्र सुधारलं.

डब्यांची माहिती मात्र यंत्रात जाईना. केबल लावली की यंत्र फक्त चार्ज होतं. कंपनीचा दोष. तात्पुरती सोय म्हणून डब्यांचे आकडे चिठ्ठीवर उतरवून घेऊन हाताने यंत्रात भरायचं ठरवलं. यालाही पेपरलेसच म्हणायचं, चिठ्ठी लहान आहे.

रविवार, १७ मार्च
पहिली मोहीम. एकटा गेलो. पहिल्याच वेळी बघे नकोत.

यंत्राने थेट एका लाँड्रीच्या मागच्या अंगणात नेलं. तासभर शोधलं. चादरी उचलून पाहिल्या. लाँड्रीवाली बाई बाहेर येऊन काय हरवलंय म्हणाली. म्हणालो, सर्व्हे चालू आहे. म्हणाली, मग चादरी खाली ठेवा.

डबा नाही. चोरीला गेला, उघड आहे. साइटवर शेरा टाकला: डबा गायब. मालकाने लक्ष द्यावं.

नंतर दुसऱ्या डब्यावर गेलो. तोही चोरीला गेलेला. टोळी असावी.

बुधवार, २० मार्च
दोन्ही मालकांची उत्तरं आली. एक म्हणतो, स्वतः जाऊन पाहिलं, डबा जागेवर आहे. दुसऱ्याने फोटो टाकलाय. फोटो जुना असणार. माझ्याकडे जळलेल्या गोदामाचे असे फोटो रोज येतात.

रविवार, २४ मार्च
दुपारी साडू आणि मेहुणी चहाला आले. साडू म्हणाला, साहेब, एकदा सेटिंग बघू का? बहुतेक आकड्यांची पद्धत वेगळी झालीय. म्हणालो, तू क्लच आणि ब्रेक बघ. तो हसला. याला अपमान कळत नाही. एका अर्थी सुखी माणूस.

मेहुणी म्हणाली, भाऊजी, ताई प्रत्येक डब्याच्या गुंडाळीवर तुमचंही नाव लिहिते हो. ही म्हणाली, उगाच काय सांगतेस, आणि बशा उचलून आत गेली.

म्हणजे एकही डबा न शोधता मी त्यांच्याइतकेच शोधले आहेत. कार्यक्षमता.

शनिवार, ६ एप्रिल
मोठी कल्पना! शोधणं हे सामान्यांचं काम. मी लपवणार.

एकवीस तारखेला हिचा पन्नासावा वाढदिवस. रविवारच आहे. हिला कानातलं घेतलंय, मोत्याचं, लहानसं. ते डब्यात घालून लपवायचं. आकडे सकाळी साइटवर टाकायचे. ही साडूला घेऊन शोधत येणार आणि डब्याशेजारी मी बसलेलो असेन, थर्मासमध्ये चहा घेऊन. मग तिथून पुढे आम्ही दोघं चालत घरी.

कोणालाही सांगितलेलं नाही. हिला तर नाहीच. लग्नानंतर मी हिच्यासाठी गुप्त असं काही केल्याचं आठवत नाही.

शनिवार, २० एप्रिल
जुन्या खाणीजवळच्या झाडीत एक दगडी बाक आहे. त्याच्याखाली डबा ठेवला. यंत्राने जागा नोंदवली. घरी येऊन आकडे साइटवर भरले. साइटच्या चौकटीत मिनिटांपुढे एक टिंब छापलेलं होतं. त्याच्यापुढे माझे सेकंद भरले. बसले बरोबर.

वर्णनात लिहिलं: 'सोपं आहे. तरीही काहींना जड जाईल.' साडूला कळेल.

रविवार, २१ एप्रिल, सकाळ
डायरी घरी राहिली. मॅन्युअलच्या कोऱ्या बाजूंवर लिहितोय.

ही उठायच्या आत निघालो. उशाशी चिठ्ठी ठेवली: आजचा डबा तुझा आहे, साइट बघ. बाकावर बसलोय. फोन बंद केलाय, नाहीतर इशारे मागत बसतील. पक्षी बरेच आहेत. मुंग्याही.

दुपार
अजून नाहीत. साडूचा फोन बंद पडला असेल. मी म्हणत होतो, फोनवर भिस्त ठेवू नका.

चहा निम्मा प्यालो. हिच्यासाठी निम्मा ठेवलाय. ऊन बाकावर आलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकलो.

आता कमाल झाली. इतका सोपा डबा. हिने आजवर शोधलेले सगळे डबे साडूनेच शोधले असणार, ही नुसती टाळ्या वाजवते.

संध्याकाळ
एक कुत्रा येऊन गेला. चहा गार झाला. तो फेकवला नाही.

सोमवार, २२ एप्रिल
काल घरी आलो तर कुलूप. तिघं उशिरा परतली, हसत, हिच्या केसांना केक लागलेला.

झालं असं. माझ्या आकड्यांनी यांना खाणीपासून अर्धा किलोमीटर लांब नेलं. तिथे तळ्याकाठी एक बागेतलं कॅफे निघालं. यांना वाटलं, डबा-बिबा बहाणा, मी इथे पार्टी ठेवलीय. बसले. माझी वाट पाहिली. मुलीला व्हिडिओ कॉल केला. कॅफेवाल्याने केक आणला, शेजारच्या टेबलांवरच्या लोकांनी गाणं म्हटलं. ही म्हणाली, तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती, कोणाला बसू दिलं नाही. मग म्हणाली, एवढी सुंदर जागा तुम्ही शोधलीत, आजवर माझ्यासाठी कोणी असं केलं नव्हतं.

मी म्हणालो, जागा विचार करूनच निवडली होती.

मग तुम्ही का नाही आलात?

म्हणालो, तुमचा आनंद लांबून पाहत होतो.

कुठून?

यावर मी अंघोळीला गेलो.

शनिवार, २७ एप्रिल
संध्याकाळी ऑफिसातून आलो. ही पोळ्या लाटत होती. कानात मोती.

ओट्यावर आमचा थर्मास. तो बाकापाशी विसरलो होतो हे आत्ता लक्षात आलं.

ही म्हणाली, भावोजींनी सेकंदांचे दशांश करून बघितले, तसे थेट बाकापाशी पोचलो. मग लाटणं थांबवून म्हणाली, दिवसभर बसला होतात तिथे?

म्हणालो, निरीक्षण चाललं होतं.

थर्मासात चहा होता अजून, ही म्हणाली.  तव्यावरची पोळी करपली.

एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. आकडे बरोबर भरले की माझं यंत्र अचूक आहे. हे मी हिला सांगितलं. ही म्हणाली, उद्या सकाळी आम्ही निघतोय. यंत्र घरी ठेवून येणार असाल तर चला. नुसते चला.

म्हणालो, विचार करून सांगतो.

रविवार, २८ एप्रिल
सकाळी विचार केला. यंत्र घरी ठेवणं म्हणजे एवढ्या अभ्यासावर पाणी. उलट बाजूने, बाक आणि तो दिवस. दाढी करताना पुन्हा विचार केला. ही दाराशी थोडा वेळ उभी होती. मग खाली साडूचा हॉर्न झाला. मग दार लागल्याचा आवाज.

विचार पक्का झाला: जायचं. नुसतं जायचं. हात हलवत.

तसाच जिना उतरलो. गाडी कोपऱ्यावरून वळत होती. हात केला. साडू आरशात बघत नाही. लोकांना मात्र शिकवतो.

वर आलो. दार ओढलं गेलेलं, किल्ली आत, फोन आत. खिशात हात घातला तर यंत्र. सवयीने आलं असावं.

ही परत येईपर्यंत जिन्यात बसून होतो. यंत्र चालू केलं. जिन्याच्या खिडकीपाशी सिग्नल उत्तम लागतो. मी कुठे आहे ते त्याने अगदी अचूक दाखवलं. स्वतःच्या घराच्या दाराबाहेर.