चार स्वच्छ बटणं

प्रिय मनू,

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, घरचा इन्व्हर्टर, दूध तापलं की वाजणारी आईची घंटी, तुझा पाळणा आणि शेवटी तुझा गेमिंग कॉम्प्युटर. एवढं मी माझ्या हातानं बनवलं. नववी नापास माणसानं, कुणाला न विचारता. आज तो कॉम्प्युटर मागायला शिरूरचा गेमिंग कॅफेवाला आला होता, म्हणून हे पत्र.

पार्ट निवडताना किती भांडलो आपण! तू ग्राफिक कार्डापासून सुरुवात करायचीस, मी पॉवर सप्लायपासून. आपल्या न्हावऱ्यात व्होल्टेज कसं नाचतं, ते मला माहीत. “पाया आधी, मग माडी.”

“आप्पा, मला घर न्हाई बांधायचं, खेळायचंय!”

कॅबिनेटला रंगीत दिवे नको म्हणालो. वरात आहे का? प्रोसेसर माझा, रॅम माझी, पंखेसुद्धा मीच कानाजवळ धरून निवडले. तुझ्या पसंतीची एकच वस्तू आली, तो टकटक वाजणारा कीबोर्ड. त्यालाही मी ‘तलाठ्याचा टाइपरायटर’ म्हणालो. चुकलो गं.

सात आठवडे खेळलीस. ग्राफिक कार्ड किती तापलं ते रोज ओरडून सांगायचीस. स्वतःला ताप आहे, हे मात्र चार दिवस लपवलंस! का? मोजायला मी होतो ना?

तू गेल्यावर खोलीला कुलूप लावलं. किल्ली माझ्याच खिशात. कार्तिकात साखर कारखाना सुरू झाला आणि खिडकीच्या फटीतून काजळी आत येऊ लागली. एका दुपारी उघडून पाहिलं, तर सगळा कीबोर्ड काळा. चार बटणं सोडून. डब्ल्यू, ए, एस, डी. खेळात पुढं, डावीकडं, मागं, उजवीकडं चालायची तुझी बटणं.

मी असलं काही मानत नाही, तुला माहीत आहे. वाटलं, तुझ्या बोटांनी बटणांच्या टोप्या गुळगुळीत झाल्या, काजळी टिकत नसेल. सगळं पुसलं. त्या चार टोप्या काढून उजव्या टोकाला बसवल्या, तिकडच्या इकडं. पुन्हा कुलूप.

तीन दिवसांनी तुझ्या टोप्या काळ्या. तुझ्या जागेवरच्या परक्या टोप्या स्वच्छ!

उंदीर म्हणावा तर पाऊल नाही. वारा म्हणावा तर तो नेमक्या चारच जागा कशा निवडेल? पाच वेळा करून पाहिलं, मनू. पाचही वेळा तेच.

आईला सांगितलं नव्हतं. “अहो, विका त्यो. मला त्या दाराम्होरनं जाववत न्हाई,” हे तिचं रोजचंच. आज कॅफेवाला कॅबिनेटच्या काचेतून आत बघून म्हणाला, “मामा, असली वायरिंग कंपनीवाल्यालाबी जमायची न्हाई.” छाती फुगली, खोटं कशाला बोलू? होकार ओठावर होता. तो ओट्यावर चहाला बसला, तेवढ्यात आईला खोलीत नेलं आणि कीबोर्ड दाखवला.

वाटलं, घाबरेल. ती वाकून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “चालतीय व्हय अजून?”

मी पाचही वेळचं सांगितलं.

“त्याला म्हणावं, चहा पी आन् जा. ह्यो कम्प्युटर गेला तर पोरगी चालंल कुठनं?”

वचन देतो, खिडकीची ती फट मी कधी बुजवणार नाही. तुला हवे होते तसले दिवेही बसवतो, वरातीसारखे. आणि त्या चार बटणांना कुणाला हात लावू देणार नाही. कॅफेवाला रोख देत होता, एक लाख चाळीस हजार. नाही म्हणालो.

तुझा,
आप्पा