अडून राहिलेला प्याला

ओझुर्गेती, गुरिया
४ ऑक्टोबर

प्रिय मालखाज,

तुला, बेआताला आणि माझ्या भाचीला गोड पापे. वॉर्सात थंडी पडली का? पोरीला नुसत्या बटाट्यांवर वाढवताय, की काही खायलाही घालताय? फोनवर तू "ताई, कामात आहे" म्हणून गुंडाळतोस, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच कट करता येत नाही.

मासिकानं मला महिनाभर मोकळं सोडलंय. आपल्या देशातल्या प्रत्येक प्रांतात कुणाच्या तरी शेतात राबायचं, त्यांच्याच पंगतीला जेवायचं आणि त्यावर लिहायचं. ऐकायला झकास वाटतं, पण माझ्या कंबरेला विचार! इथे गुरियात त्सिउरीबाईंकडे उतरलेय. आल्या आल्या पाणीसुद्धा न विचारता त्यांनी मक्याच्या कणसांची टोपली पुढ्यात सरकवली. बाई सत्तरीच्या, पण बोलायला लागल्या की श्वास कधी घेतात तेच कळत नाही. हातही तसेच. मी दोन कणसं सोलते तोवर त्यांची टोपली रिकामी.

मी भीत भीत विचारलं, "मावशी, अक्रोडाचं वाटण मी वाटू का?"

"कुठली गं तू?"

"राचाची."

"अगं बाई! मग राहू दे, मीच करते. राचाची पोर वाटण वाटेपर्यंत माझ्या कोंबडीला परत पिसं फुटतील!"

आपल्या संथपणाची कीर्ती समुद्रापर्यंत पोचलीय, अभिमान बाळग. पण मालखाज, ती अक्रोडातली कोंबडी! वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्यांचा तो पिवळा रंग, लसूण, किंचित आंबटपणा. गरम मक्याची भाकरी मोडून त्यात बुडवली आणि मला पुढचं काही सुचेना. डोळे आपोआप मिटले, तर पाठीत धपाटा. "झोपलीस काय? खा!"

इथून सामेग्रेलोला जाईन. संपादकांना शेवटी राचाही हवंय. त्याचं बघू. बाबांबद्दल काही लिहीत नाही. तू विचारायचं नाही आणि मी सांगायचं नाही, असंच चाललंय आपलं, तर चालू दे.

यंदा सगळीकडे द्राक्षं गोड आहेत, एवढं मात्र सांगते.

तुझी,
इरमाताई


अंब्रोलाउरी, राचा
२५ ऑक्टोबर

प्रिय मालखाज,

आधी पोटाचं बोलते. सामेग्रेलोत मक्याच्या भरडीत ताजं चीज घोटतात, माहीतच आहे तुला. पण एकदा घोटून बघ. कढईत पळी हलेना, घरातल्या दोन्ही जावा माझी मजा बघत उभ्या. शेवटी धाकटीनं पळी हिसकावली आणि अशी तार काढली की मी टाळ्याच वाजवल्या. वर त्यांचा तो मिरचीचा ठेचा. नाकाडोळ्यांतून पाणी, तरी हात थांबत नाही. काय बायका आहेत!

मग राचाला आले. आणि उतरले आपल्याच घरी. दुसरीकडे उतरले असते तर गावानं मला सोलून खाल्लं असतं.

बाबा मळ्यातच होते. "आलीस? कात्री घे." झालं स्वागत. अजून तसेच आहेत रे. घड तळहातावर घेतात, फिरवून बघतात, मगच कापतात. शेजारच्या ओळीतून नोदारकाका ओरडतात, "गेरासिमे, द्राक्षांचं लग्न जमवतोयस का? काप की!" बाबा मान वर न करता म्हणतात, "तुला घाई असेल तर तू पुढे हो." मी त्यांच्यामागे टोपली घेऊन चालत होते आणि मनात म्हणत होते, एवढ्या प्रांतांत फिरले, पण असा माणूस कुठे भेटला नाही. बापाबद्दल हे छापता येत नाही, म्हणून तुला लिहिते.

दुपारी नोदारकाकूंनी राजमा भरलेल्या पोळ्या आणल्या. धुरी दिलेल्या मांसाची चरबी सारणात विरघळलेली. पहिल्या घासाला मला रडूच आलं, आणि ते चवीमुळे असं मी काकूंना सांगितलं.

बरं. खाण्याखाली किती झाकू? द्राक्षांची तोड संपली त्या संध्याकाळी नोदारकाकांच्या अंगणात टेबल लागलं, आणि बाबा तमादा झाले.

हो, बाबा. तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच. मधल्या वर्षांत गावात लग्नं झाली, बारशी झाली, सगळे विनवायला आले, पण पंगतीत एकेकाच्या नावानं प्याला उचलून बोलायचा तो मान बाबांनी घेतला नाही. "माझं बोलणं लांबतं," एवढंच म्हणायचे. का, ते तुला आणि मला ठाऊक आहे. तुझ्या लग्नात, देवाघरी गेलेल्या माणसांच्या नावाचा प्याला हातात घेऊन ते बोलत होते, आणि तू उठून म्हणालास, "बाबा, आवरा आता, बेआताची माणसं कंटाळलीत." सगळे हसले. बाबा खाली बसले. तेव्हापासून तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत.

त्या संध्याकाळी त्यांनी तोच प्याला उचलला. शब्द तेच. पणजोबा, मग गारपिटीचं साल, मग पूल वाहून गेला तेव्हाचे लोक, मग आजी. तू त्यांना तोडलंस ती जागा जवळ येत होती. आली. "आणि मग," ते म्हणाले, "एक बाई या घरात आली."

आपली आई रे. लग्नात ते आईपाशी पोचत होते. तो सगळा वळसा तिच्यासाठी होता. तुला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

प्याला तसाच धरून ते म्हणाले, "तिच्याबद्दल पुढे तिच्या मुलानं बोलावं. अलावेर्दी मालखाजला."

झालं! तमादानं अलावेर्दी दिली म्हणजे ज्याचं नाव घेतलं तो बोलल्याशिवाय कुणी घोट घ्यायचा नाही. सगळे उभे, प्याले काठोकाठ. नोदारकाकांचा नवा जावई कुताइसी शहरातला, तो हळूच म्हणाला, "पण तो तर वॉर्सात आहे ना?"

"मग?" नोदारकाका म्हणाले. "आपण राचाचे आहोत. थांबू."

मी म्हटलं, "बाबा, मी बोलू? माझीही आई होती."

"तुझं नाव घेतलं का मी, पोरी?" रागानं नाही म्हणाले, अगदी हळू.

मग एकेकानं प्याला भरलेलाच खाली ठेवला. जेवलो सगळे, पण वाइनला कुणी हात लावला नाही. नोदारकाकांनीसुद्धा नाही, विचार कर!

सकाळी मी विचारलं, "मालखाजला कळवू?" बाबा द्राक्षं तुडवायला निघाले होते. "लिहिणारी तू. मला काय विचारतेस?" म्हणाले. दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"त्याला म्हणावं, लांब बोलला तरी चालेल."

सगळ्यांबरोबर उभी असलेली,
तुझी इरमाताई