शून्य नंबरची फाईल

४ जून

आजपासून मी कमावती! मावशीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बुबुळांचे नकाशे काढायचं काम मिळालं. आई गेल्यावर मावशीनंच वाढवलं, शिकवलं, आणि आता खुर्चीही दिली. माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते आमच्या घरी तरी शब्दशः खरं आहे.

काम मजेचं आहे. पेशंटनं हनुवटी टेकवून मशीनमधल्या उजळलेल्या वर्तुळांकडे बघायचं. बुबुळावर त्यांचं प्रतिबिंब पडतं, त्यावरून चढउतार कळतो. सपाट तिथं निळं, ठीकठाक तिथं हिरवं, फुगीर तिथं लाल. एका आजोबांनी नकाशा हातात घेऊन विचारलं, यात आमचं घर कुठं आलं?

मावशीचा एकच नियम: रोज सकाळी पहिला नकाशा आपल्याच डोळ्याचा. मशीन बरोबर चालतंय का ते कळतं म्हणे. तो शून्य नंबरच्या फाईलमध्ये जातो. माझा अगदी हिरवागार आला.

११ जून

शनिवारी चिमणीचा नकाशा काढला. ही मावशीची मुलगी, चौदा वर्षांची, जिभेला हाड नाही. दोन वर्षांपूर्वी तिची बुबुळं शंकूसारखी पुढे आली होती, चष्म्यानंही दिसेना. आता रस्त्यापलीकडची पाटी वाचते. पुढे आलेलं बुबुळ आपणहून मागे जात नाही, असं मी शिकले होते. मावशी म्हणाली, नशीब पोरीचं.

२ जुलै

माझ्या नकाशात खाली पिवळा डाग. डोळ्यात पाणी असेल म्हणून तीनदा काढला. तिन्ही वेळा आहेच. मावशी म्हणाली, डोळे चोळू नकोस. मी चोळतच नाही.

१६ जुलै

डाग लाल झाला. भिंग पुसलं. मशीनसोबत तपासणीसाठी आलेला पोलादी गोळा लावून पाहिला, त्याचं माप तंतोतंत बरोबर. म्हणजे मशीन खोटं बोलत नाही.

चिमणीचा दोन वर्षांपूर्वीचा नकाशा काढून माझ्या नकाशाशेजारी ठेवला. तोच फुगवटा, तसाच डावीकडे कललेला.

२० जुलै

मावशी एका पेशंटच्या ऑपरेशनला गेली, तेव्हा शून्य नंबरची फाईल मागेपर्यंत उघडली. माझ्याआधी तीन मुली आहेत. तिघींची सुरुवात हिरवी, मग लाल, मग नुसतं पांढरं, मापाबाहेर गेलेलं. तिसरीच्या खाली मावशीचं अक्षर: ‘संपली. नवीन बघणे.’

माझा पहिला नकाशा ४ जूनचा नाही, मार्चमधला आहे. चिमणीच्या वाढदिवसाला गंमत म्हणून बसवलं होतं मला. त्याखाली: ‘घरचीच आहे. जास्त टिकेल.’

सकाळी जो पहिला डोळा देतो, त्याच्याकडे चिमणीचं दुखणं सरकतं. दुसरा अर्थ निघतच नाही.

२१ जुलै

मावशीला विचारलं. तिनं नाकारलं नाही. केसांवरून हात फिरवत म्हणाली, पोटची पोर आंधळी होताना बघायची होती का मी? मग मी कोण, विचारलं. म्हणाली, तू माझीच ना, म्हणून तर तुझ्याकडे मागितलं.

मागितलं? कधी मागितलं? ज्या हातानं भरवलं त्याच हातानं गळा कापला माझा.

२३ जुलै

दोन दिवस मशीनला हनुवटी लावली नाही. सकाळी चिमणी दारावर आपटली, कपाळाला टेंगूळ आलं. मी रडले. तरी नाही देणार. माझे डोळे आहेत.

२५ जुलै

मशीन सोडलं तरी माझी नजर उतरतेच आहे. वहीच्या रेघा दिसत नाहीत, अंदाजानं लिहितेय. चिमणीला सगळं सांगितलं. लेकराला कुठं काय माहीत? गळ्यात पडली. उद्या जाणार मी इथून.

२६ जुलै

रविवार, दवाखाना बंद. चिमणीनं बोलावलं. म्हणाली, शून्य नंबरची फाईल कायमची बंद करू, मग तू सुटलीस. गुणी पोर. ती मशीन सुरू करतेय, मी बाकावर बसून लिहितेय.

म्हणतेय, फाईल बंद करायला शेवटचा एक नकाशा लागतो. नाही म्हटलं मी.

हसली. म्हणे, आधीच्या तिघींना पण मीच समजवायचे — आईला जमत नाही, आई रडते —

दाराला आतून कडी. बाहेर मावशी हुंदके देतेय. मी हाका मारल्या. दार नाही ठोठावत ती, नुसती —

चिमणीचा हात मानेवर. केवढा जोर. टेकव म्हणते, ताई, पापणी नको मिट —