शिवप्पाचा घोडा आमच्या अंगणात

सोलापूर, मंगळवार संध्याकाळ, १९७४

मी गुरांचा सरकारी डॉक्टर. शिवप्पा टांगेवाल्याच्या घोड्याच्या पाठीवर चाबकाचे वळ आणि चिघळलेली जखम दिसली, म्हणून पोलिसांत तक्रार दिली. नाव गुप्त ठेवा, एवढीच विनंती. फौजदारांनी शिवप्पाला चहा पाजता पाजताच नाव सांगून टाकलं! वर घोडा जप्त केला आणि ठेवायला जागा नाही म्हणून माझ्याच अंगणात बांधला. जखम भरतेय, पण बायकोची शेवंती संपत आलीय. त्यावरून हिनं अबोला धरलाय.

शिवप्पा रोज कुंपणावरून डोकावतो. "डॉक्टर, लई वाळला की वो घोडा! खायला घालताय का न्हाय?" म्हणजे क्रूर कोण, मी?

आज फौजदार दारात. "तुमच्याविरुद्ध तक्रार हाय. घोडा उपाशी ठेवता म्हणं."

"कुणी केली?"

"नाव कसं सांगणार? तक्रार करणाऱ्याला संरक्षण द्यावं लागतंय."

मग माझ्या वेळी कुठं गेलं होतं हे संरक्षण? मी तोंड उघडणार, तेवढ्यात ही बाहेर आली.

"उपाशी? माझी अख्खी शेवंती खाल्लीय त्यानं! घ्या लिहून माझी तक्रार. आणि नाव खुशाल सांगा सगळ्या गावाला!"